बाही सापडत नाही

जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ एकच आहे : लोक जाहीर करतात आणि पुरवत नाहीत. राज्यं याच कारणाने बुडाली, ठरलेली लग्नं याच कारणाने मोडली, आणि मोठमोठे पूल नदीच्या मध्यापर्यंत येऊन याच कारणाने थांबले. हे वाक्य मी पूर्ण विचारांती लिहितो आहे. मात्र ते सुचलं तेव्हा माझ्यापुढे इतिहासाचा ग्रंथ नव्हता. एक स्वेटर होता, आणि त्याला बाह्या नव्हत्या.

झालं असं, की आमच्या हिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा झिजला. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, मान हलवली आणि तीन महिन्यांनंतरची ऑपरेशनची तारीख दिली. "त्यानंतर बारीक कामं बंद," ते म्हणाले.

"विणकाम बारीक कामात येतं का हो?" हिने विचारलं.

"बाई, तेच तर केलंय तुम्ही चाळीस वर्षं या अंगठ्याने."

घरी येऊन हिने चपला जागेवर ठेवल्या आणि म्हणाली, "तेवढ्यात एक पुरा स्वेटर होईल. एकच. पण तो तुमच्या त्या कॉम्प्युटरने काढलेल्या नमुन्याचा हवा, अंगासरशी बसणारा. त्याचे कागद काढा."

कागद निघाले. कडेला भोकांची झालर असलेले, एकमेकांना चिकटून घड्या घातलेले. पण तीस वर्षांत त्यावरची शाई इतकी उडाली होती, की ‘सुलट’ कुठे आणि ‘उलट’ कुठे हे सांगायला ज्योतिषीच लागला असता.

"मग प्रोग्राम पुन्हा चालवा," ही म्हणाली. "तुम्हीच केलाय ना?"

या ‘ना’ला उत्तर द्यायच्या आधी, तो प्रोग्राम का झाला ते सांगायला हवं, नाहीतर वाचकांचा असा समज होईल की आम्ही सरकारी वेळेत स्वेटर विणत होतो. आम्ही ते जेवणाच्या सुट्टीत करायचो. आमचं खातं रस्ते मोजण्याचं. त्या मोजमापांसाठी खात्याने एक कॉम्प्युटर घेतला आणि त्याला उकडू नये म्हणून तळमजल्यावर थंड हवेची खोली बांधली. बाहेर चपला काढून आत जावं लागे. आत मशीन मजेत असे आणि माणसं कुडकुडत. त्या खोलीत नेमलेली माणसं दोन : मी आणि अर्धविराम. हे त्याचं टोपणनाव. तो वाक्याच्या मध्यावर असा काही थांबे, की वाक्य संपलं समजून लोक उठून जात. उरलेलं अर्धं तो त्यांच्या पाठीशी पुरं करी.

तर त्या थंडीवर उपाय म्हणून हिने माझ्यासाठी स्वेटर विणला, तो अंदाजाने. त्यात आम्ही दोघं एकदम मावलो असतो. तेव्हा अर्धविराम हिरव्या अक्षरांकडे बघत म्हणाला, "रस्ता मोजता येतो, तर;" थोड्या वेळाने, "माणूस का नाही?" आणि आम्ही सी भाषेत प्रोग्राम लिहिला. छाती, उंची, हाताची लांबी आणि लोकरीची जाडी सांगितली, की ओळीओळीने टाके छापून देणारा. अंग मी लिहिलं. बाही त्याने लिहिली, कारण त्याचे वडील शिंपी होते आणि बाही हा विषय त्यांच्या घराण्यात होता. नळकांडं कुणालाही जमतं. बाही म्हणजे खांद्याशी केलेला करार आहे, हे त्याच्या वडिलांचं वाक्य तो मला रोज ऐकवी, दोन हप्त्यांत.

तेव्हा ‘तुम्हीच केलाय ना?’ याचं खरं उत्तर ‘अंगापुरता’ असं होतं. मी म्हणालो, "म्हणजे काय!"

प्रोग्रामच्या फाइली माझ्याकडे होत्या. एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशा मी त्या बदलीवरच्या माणसाने ट्रंक न्यावी तशा नेल्या होत्या. मी लॅपटॉप उघडला, चष्मा पुसला आणि हिला मापं विचारली.

"छाती?"

"चौतीस."

"अगं, माझी बेचाळीस आहे."

"तुमची कोण विचारतंय?" ती म्हणाली. "जगाला घातले. आता एक मला."

मी हिशेब केला. माझे सात, मुलीचे अकरा, जावयाचे दोन, शेजाऱ्यांची बाळं धरून साठ तरी. हिच्या अंगावर हिने विणलेला एकही मी कधी पाहिलेला नव्हता, आणि हे मला आजवर दिसलं नव्हतं, हे मी कुणाला सांगणार नाही. पंधरा दिवसांत नमुना हातात पडला तरच अंगठा पुरणार होता. मी बटण दाबलं.

कंपायलर हा प्रोग्राम तपासणारा हेडमास्तर. त्याने व्याकरण पाहिलं, दोन-चार ठिकाणी नाक मुरडलं आणि पुढे पाठवलं. पुढे लिंकर बसतो. त्याचं काम जुळणीचं : प्रोग्राममध्ये ज्याला-ज्याला हाक मारली आहे तो खरोखर हजर आहे की नाही हे बघायचं. त्याने तीन नावं परत पाठवली. ‘सील’ : अनडिफाइन्ड रेफरन्स. ‘क्लिअर स्क्रीन’ : अनडिफाइन्ड रेफरन्स. ‘बाही’ : अनडिफाइन्ड रेफरन्स. म्हणजे, तुम्ही यांना बोलावलंय खरं, पण असं कुणी इथे राहत नाही.

मी जावयाला फोन केला. तो याच धंद्यात आहे.

"बाबा, सी कशाला? मी नव्या भाषेत लिहून देतो ना, दोन मिनिटांत."

"बाही कशी करतात माहीत आहे?"

"ते... ऑनलाइन असेल ना."

"मग ते नको. हे ‘सील’ का मिळत नाही तेवढं सांगा. गणिताची हेडर फाइल मी वर जोडलेली आहे."

"हेडर म्हणजे फक्त जाहिरात, बाबा. माल वेगळ्या गोदामात असतो. हुकमात हायफन एल एम लिहा."

साडेतीन टाके विणता येत नाहीत, ते चार करावे लागतात, आणि ते ‘सील’ करतं. एवढ्याशा कामासाठी वेगळं गोदाम असेल अशी मला कल्पना नव्हती. मी हायफन एल एम लिहिलं. मोठ्यांचा मान म्हणून सगळ्यात आधी लिहिलं. ‘सील’ तरीही बेपत्ता. पुन्हा फोन.

"शेवटी लिहा, बाबा. तो डावीकडून वाचत येतो. गोदाम आधी आलं तर तेव्हा कुणी काही मागितलेलंच नसतं, मग तो काही न घेता पुढे जातो."

आयुष्यभर मी मदतीला सगळ्यांच्या आधी पोचलो आणि कुणाच्या उपयोगी पडलो नाही, त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं. शेवटी लिहिल्यावर यादीतलं एक नाव गळलं.

‘क्लिअर स्क्रीन’ हे पडदा पुसण्याचं काम जुन्या कंपायलरबरोबर यायचं आणि त्याच्याबरोबरच गेलं. मी त्या नावाचं एक फंक्शन स्वतः लिहिलं आणि त्यात काहीच लिहिलं नाही. नाव आहे, जागा आहे, काम शून्य. लिंकरचं तात्काळ समाधान झालं. खात्यात अशा तीन नेमणुका मी जवळून पाहिल्या होत्या, तो अनुभव कामी आला.

यशाने माणूस बिघडतो. मी ‘बाही’चीही तशीच रिकामी नेमणूक केली. प्रोग्राम सुरळीत चालला. हिने कागद वाचायला घेतला. ती नमुना वाचते तेव्हा ओठ हलतात आणि बोटं हवेतल्या सुयांवर चालतात. ती मध्येच थांबली.

"बाही : टाके शून्य?"

"ते... अर्ध्या बाह्यांची पद्धत आहे आता."

"ही अर्धीही नाही हो."

मग मी खरोखर फाइल शोधली. ‘बाही’ होती, पण भाजून झालेली! म्हणजे कंपायलरमधून निघालेली ऑब्जेक्ट फाइल. मूळ लिखाण अर्धविरामने मला कधी दिलंच नव्हतं. "वापर, पण उघडू नकोस," असं म्हणून त्याने फक्त तयार माल दिला होता. लिंकरला ती दाखवली. त्याने म्हटलं, हा आकार मला ओळखता येत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या मशीनसाठी भाजलेली वीट नव्या भिंतीत बसत नाही, एवढंच त्याला म्हणायचं होतं, पण बोलण्याची रीत बघा.

या सगळ्याची बातमी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना लागली. ते आले, खुर्ची ओढून बसले आणि पडद्यावरची ओळ त्यांनी चष्मा वर-खाली करून दोनदा वाचली.

"पत्ता आहे, माणूस नाही. साधी केस आहे," ते म्हणाले. "त्या माणसाकडे जा."

"कुठल्या माणसाकडे?"

"बाही ज्याने लिहिली त्याच्याकडे. वहिनी म्हणत होत्या, दुसऱ्या कुणीतरी लिहिलीय."

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे भांडी जरा जास्तच आवाज करत होती.

अर्धविरामकडे जाणं शक्य नव्हतं. अठ्ठावीस वर्षं आम्ही बोलत नव्हतो. खात्याच्या वार्षिक समारंभात आमच्या प्रोग्रामचं प्रदर्शन झालं. व्यासपीठावर मी बसलो, अंगात त्या प्रोग्रामच्या नमुन्याने विणलेला स्वेटर घालून. पाटीवर नाव माझं एकट्याचं होतं. पाटी रंगाऱ्याने लिहिली होती आणि रंगाऱ्याला मजकूर मी दिला होता, एवढाच काय तो माझा संबंध. समारंभानंतर अर्धविराम माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला नावाचं काही नाही;" मी म्हटलं, हा टोमणा आहे. मी उठून निघून गेलो. पुढच्या महिन्यात त्याने दुसऱ्या विभागात बदली घेतली.

तेव्हा बाही मीच लिहायची ठरवली. गणित माझं चांगलं आहे. तीन दिवस खपलो. पहिल्या नमुन्यावर ही म्हणाली, "मनगटाला अठ्ठेचाळीस टाके आणि खांद्याला बावीस? ही घालायला माणूस उलटा टांगायला हवा." दुसऱ्या नमुन्यात टाके घटवणं मी विसरलो आणि प्रोग्राम थांबेचना. ओळी अकरा हजारांवर गेल्या तेव्हा पोस्टमास्तर म्हणाले, "ही चौकापर्यंत जाईल, पण हात?"

ही हसली नाही. ती अंगठ्याला तेल चोळत होती. पंधरातले आठ दिवस गेले होते.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मला आठवलं, की खात्याच्या नियमाप्रमाणे प्रत्येक प्रोग्रामची मूळ प्रत अभिलेख शाखेत जमा करावी लागे. मी जुन्या ऑफिसात गेलो. थंड खोलीत आता सायकली ठेवतात. दाराबाहेर चपला काढायची लोखंडी मांडणी मात्र जागच्या जागी होती. मी सवयीने चपला काढल्या आणि अनवाणी अभिलेख शाखेत पोचलो.

नोंदणीवाल्याने आधी अर्ज मागितला, मग अर्जाचं कारण मागितलं. मी ‘स्वेटर’ लिहिलं. त्याने ते खोडून ‘संशोधन’ लिहिलं, भला माणूस. मग त्याने एक मोठी वही काढली आणि बोट ओळींवरून खाली नेलं.

"आहे. ‘बाही. प्रत एक. प्राप्त.’ खाली सहीसुद्धा आहे."

"द्या मग."

"काय?"

"बाही."

"साहेब, आमच्याकडे नोंद असते. वस्तू कपाटात असते."

"कपाट कुठे आहे?"

"कपाटाचीही नोंद आहे," तो अभिमानाने म्हणाला.

मी लिंकरला मनोमन क्षमा केली. तो निदान पहिल्या फेरीतच खरं बोलतो. परत निघालो, तर चपला कुणीतरी नेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नव्या चपला घालून, मी अर्धविरामच्या दारात उभा राहिलो. काय बोलायचं ते मी रस्ताभर घोकलं होतं. सुरुवातीला हवापाणी, मग तब्येत, मग अंगठा, मग अगदी सहज बाही. दार त्यानेच उघडलं. केस सगळे पांढरे, पण उभं राहण्याची ढब तीच, डोकं जरा डावीकडे. माझ्या तोंडून निघालं, "पाटीवर तुझं नाव घालायला हवं होतं रे. मी मुद्दाम घातलं नाही."

तो थांबला. आत घड्याळ चालल्याचं ऐकू येत होतं. या वेळी मी जागचा हललो नाही.

"मी तेव्हाच म्हणालो होतो, मला नावाचं काही नाही;" तो म्हणाला. मी उभाच. एक मांजर आलं, आमच्या दोघांच्या पायांमधून गेलं. "पण तू बाह्या कोपरापर्यंत सारून बसलास! तिथे, सगळ्यांसमोर! मनगटाशी काय बसली होती ती! आमचे अण्णा, शिंपी माणूस, खास बघायला आले होते. दुसऱ्या रांगेत होते. काय दिसलं त्यांना? तुझी कोपरं!"

"अरे, मला उकडत होतं."

"माहीत आहे. समारंभ वर होता. थंड खोली खाली."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगतच होतो. तू थांबलास कुठे?"

त्याचे अण्णा त्यानंतर दोनच वर्षं होते, हे मला त्या दिवशी कळलं. मग मी हिच्या अंगठ्याचं सांगितलं, आणि तो स्वेटर तिचा स्वतःचा आहे, हेही. तो आत गेला. मला वाटलं, वाक्याचा मध्य आला. तो बाहेर आला तेव्हा कोट घातलेला होता आणि हातात अण्णांची मापांची वही होती.

आमच्या घरी येऊन त्याने माझी खुर्ची घेतली. मूळ फाइल त्याच्याकडेही उरली नव्हती. दोन बोटांनी, वही मांडीवर उघडून, त्याने बाही नव्याने लिहिली. मध्येच थांबायचा, स्वतःच्या खांद्याला हात लावून बघायचा, पुढे लिहायचा. मी मागे उभा राहून सूचना करत होतो. त्याने त्यातली एकही घेतली नाही. जुने दिवस हुबेहूब परत आले होते. फक्त थंडी तेवढी नव्हती.

"तुझा ‘मुंढा’ लागेल मला," तो म्हणाला. बाही अंगाला जिथे जोडतात तो मुंढा. त्याचं गणित माझ्या फाइलीत होतं. त्याने वरती एका ओळीत लिहिलं, की मुंढा शेजारच्या फाइलीतून येईल, आणि बटण दाबलं.

‘मुंढा’ : अनडिफाइन्ड रेफरन्स.

"मुंढा आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. बघ ना, हा काय!" मी माझी फाइल उघडून नाकावर टिच्चून दाखवली. पडद्यावर मुंढा धडधडीत होता, वीस ओळींचा, माझ्या हातचा. आणि त्याच्या आधी एक शब्द होता.

स्टॅटिक.

ज्यांना सी येत नाही त्यांच्यासाठी सांगतो, की हा शब्द पुढे लावला, की ते फंक्शन त्या फाइलीच्या घरातच राहतं. बाहेरून कुणी कितीही हाका मारल्या तरी लिंकरला ते दिसत नाही. अर्धविरामने चष्मा लावून तो शब्द वाचला. त्याच्या बाजूची तारखेची टीपही वाचली. मी त्या काळी प्रत्येक बदलाची तारीख शिस्तीत लिहीत असे. ती समारंभाच्या दुसऱ्या दिवसाची होती.

"हे कुणी लिहिलं?"

"जुना कंपायलर आपोआप लावायचा," मी म्हणालो.

"तारीखसुद्धा?"

दारात ही उभी होती. पोस्टमास्तरही होते, कारण ते असतातच. त्या समारंभाच्या रात्री घरी येऊन मी काय-काय बडबडलो होतो ते हिला पाठ होतं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण ती गप्प राहिली. माणसाला बायको कशासाठी असते, तर अशा वेळी बोलू नये म्हणून.

"मी लिहिलं," मी म्हणालो. "तुला माझा मुंढा वापरता येऊ नये म्हणून."

"मी तर तेव्हा बदलीचा अर्ज लिहीत होतो, मला कशाला लागणार होता मुंढा?"

"ते मला कुठे माहीत होतं!"

त्याचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतोय. मग त्याने हसताना चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची अर्धी माझ्याकडे सरकवली. मी अर्ध्या खुर्चीवर बसलो आणि तो एक शब्द खोडला. इंग्रजीत सहा अक्षरी शब्द, सहा वेळा बटण. अठ्ठावीस वर्षांच्या मानाने काम फारच लवकर संपलं.

लिंकर काही बोलला नाही. लिंकरचा आनंद असाच असतो.

नमुना छापून आला. हिने तो खिडकीशी नेला. ओठ हलायला लागले, बोटं चालायला लागली. अंग झालं, मुंढा झाला, बाही सुरू झाली. आम्ही दोघं परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे उभे. शेवटच्या ओळीवर तिची बोटं थांबली. डाव्या हाताने तिने उजव्या हाताचं मनगट एकदा धरून पाहिलं, जणू तिथे कड बसलीच होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

मी घसा खाकरला. अशा प्रसंगी दोन शब्द बोलावे लागतात, आणि ते माझ्याजवळ तयार होते : दोन माणसं, दोन फाइली, एक खांदा वगैरे. अर्धविरामनेही कोटाचं बटण लावलं. पोस्टमास्तर टाळ्या वाजवायच्या बेताने सरसावून बसले.

तेवढ्यात ही आतून राखाडी लोकरीच्या लड्या घेऊन आली आणि एक सोडवून तिने माझ्या दोन्ही मनगटांत अडकवली.

"अंगठ्यानं मला गुंडाळवत नाही," ती म्हणाली. "तुम्ही असेच हात धरून बसा. भावजी, तुम्ही गुंडे करा. आठ लड्या आहेत. आणि अहो, बोलताना हात खाली नका करू."